आग्रा रोड, पुणे रोड आणि दत्तू भोकनळची आठ वर्षं

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. मुंबईहून आलेला आग्रा रोड इथून ओझर, पिंपळगाव करत चांदवडच्या डोंगरांकडे निघतो. पुणे रोड इथूनच फुटतो आणि नाशिकरोड, सिन्नर, संगमनेर करत पुण्याला पोचतो. वरून उड्डाणपूल गेला, खालून भुयारी मार्ग झाला, तरी चौकातली गर्दी तेवढीच राहिली. पूर्वेकडच्या तालुक्यांतला कांदा, द्राक्षं आणि माणसं याच चौकातून पुढे जातात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले दाखले आणि पायात नवे बूट घालून भरतीला निघालेली पोरं इथे नेहमी दिसतात. त्यांची नावं कुणी विचारत नाही.

अशाच पोरांपैकी एक दत्तू बबन भोकनळ. त्याच्या आयुष्याची दोन टोकं या दोन रस्त्यांवर आहेत. एक आग्रा रोडच्या बाजूला, द्वारकेपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीत. दुसरं पुण्याच्या बाजूला, खडकी आणि दापोडीच्या लष्करी आवारात. गावात प्यायच्या पाण्याची मारामार. दापोडीला दोन हजार मीटरची शर्यत सरळ मारता येईल एवढा पाण्याचा पट्टा. 2012 ते 2020 या आठ वर्षांत या पोराने त्या पट्ट्यावरून ऑलिंपिक गाठलं आणि आशियाई सुवर्ण जिंकलं. त्याच्यावर बंदी आली, उठली आणि शेवटी अर्जुन पुरस्कारही मिळाला. नाशिक जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासातलं हे प्रकरण अजून नीट सांगितलं गेलेलं नाही, असं मला वाटतं. आपण त्याच्या गरिबीची गोष्ट फार सांगितली आणि त्याच्या खेळाची फार कमी.

गरिबीची गोष्ट टाळता मात्र येत नाही, कारण त्याच्या खेळाची मुळं तिथेच आहेत. दत्तूचे वडील विहिरी खोदायचे. चांदवड हा सातमाळ्याच्या रांगेखालचा अवर्षणप्रवण तालुका. रेणुकामातेचं देऊळ आणि अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहायला लोक येतात, पण तिथली खरी वास्तू म्हणजे रानोमाळ पसरलेल्या विहिरी. आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण लागला की कुदळ थांबते आणि पहार चालू होते. सुरुंगासाठी भोकं पाडायची, बार उडवायचा, धूर निवळला की खाली उतरायचं, फुटलेला दगड घमेल्यात भरायचा आणि यारीने वर ओढायचा. काम उक्त्याने घेतलेलं असतं. जितकं खोल, तितका पैसा. झरा लागेल की नाही याची खात्री मालकालाही नसते आणि खोदणाऱ्यालाही.

या कामात शरीर कसं वापरावं लागतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. दगड हाताने उचलायला गेलं तर दोन दिवसांत कंबर धरते. पाय रोवायचे, गुडघ्यातून जोर घ्यायचा, पाठ सरळ ठेवायची आणि हात शेवटी वापरायचे. ही शिकवण कुठल्या पुस्तकात नाही, जुना गडी नव्याला शिव्या घालत ती शिकवतो. दत्तू शाळकरी वयातच वडिलांच्या कामात हातभार लावू लागला. शाळा आणि मजुरी बरोबरच चालली. पुढे त्याने पेट्रोल पंपावर रात्रपाळी केली आणि मिळेल ती मजुरी केली. घरात तो थोरला. 2011 मध्ये वडील कर्करोगाने गेले. ज्या घरचा कर्ता उक्त्याच्या कामावर जगत होता, त्या घराला त्याच्यामागे ना पेन्शन ना फंड. पुढच्या वर्षी, 2012 मध्ये, दत्तू सैन्यात भरती झाला.

भरती झाला तो बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. बॉम्बे सॅपर्स म्हणून ओळखली जाणारी ही तुकडी 1820 पासूनची, आणि तिचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. सॅपर्सचं काम रस्ते करणं, पूल टाकणं, सुरुंग लावणं आणि काढणं. विहीर खोदणाऱ्याचा मुलगा अशाच तुकडीत जावा, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. नद्यांवर पूल टाकणाऱ्यांना पाण्याची भीती बाळगून चालत नाही. पुण्यात लष्कराच्या नौकानयनाचं केंद्र आहे ते याच अभियंत्यांच्या आवारात, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीएमईमध्ये.

इथे या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे नौकानयन म्हटलं की केरळच्या सर्पनौका आठवतात किंवा सहलीची होडी. शर्यतीचं नौकानयन मुळात साहेबाच्या विद्यापीठांचा खेळ. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पहिली शर्यत 1829 ची. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल यांची 1852 ची नौकाशर्यत ही तिथली पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा मानली जाते. पुण्याला हा खेळ इंग्रजांनी आणला. संगमाजवळचा कॉनॉट बोट क्लब 1868 चा. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबने तो मराठी पोरांत रुजवला, आणि मुळा-मुठेवरचा त्यांचा रेगाटा पाहायला पुणेकर आजही गर्दी करतात. पण होडी महाग, वल्ही महाग आणि सरावाला सपाट, बिनवर्दळीचं पाणी लागतं. त्यामुळे क्लबचा सभासद किंवा मोठ्या कॉलेजचा विद्यार्थी नसलेल्या मुलाला हा खेळ जवळजवळ बंदच होता. ते दार लष्कराने उघडलं. ऑलिंपिकच्या पाण्यात उतरलेले भारतीय नौकानयनपटू बहुतेक सगळे फौजी आहेत, त्याचं कारण हेच. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताला नौकानयनातलं पहिलं सुवर्ण मिळवून देणारा बजरंगलाल ताखर राजस्थानचा, तोही सैनिकच.

दत्तूची उंची सहा फुटांच्या बरीच वर. नौकानयनात उंचीला किंमत आहे, कारण हातपाय लांब असले की वल्हं पाण्यात जास्त अंतर ओढता येतं. प्रशिक्षक कुदरत अली यांनी हा उंच जवान हेरला आणि त्याला पाण्यावर आणलं. पहिल्यांदा पाण्याची भीती वाटायची, हे दत्तूने स्वतःच नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे. ते खरंच असणार. पाणी म्हणजे खोल तळाशी चमकणारा तुकडा, किंवा टँकरमागे लागलेली हंड्यांची रांग, असं ज्याने पाहिलं त्याला आता पाण्याच्या वर बसायचं होतं. बसायचं तेही एकट्याने आणि जेमतेम फूटभर रुंदीच्या नौकेत.

सिंगल स्कल्सची नौका साधारण आठ मीटर लांब असते. नियमाप्रमाणे तिचं वजन चौदा किलोपेक्षा कमी असता कामा नये. चौदा किलो म्हणजे भरल्या हंड्यापेक्षाही हलकी. दोन्ही हातांत एकेक वल्हं. ती दोन वल्ही पाण्यावर टेकलेली असतात तोवरच नौका तोल धरते. एक वल्हं सुटलं की माणूस पाण्यात. बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते. नौकानयनपटू गुडघे पोटाशी घेऊन पुढे सरकतो, वल्ही पाण्यात बुडवतो आणि पायांनी पाटी रेटून मागे जातो. मग पाठ उघडते आणि सगळ्यात शेवटी हात छातीशी येतात. आधी पाय, मग पाठ, मग हात. विहिरीच्या तळाशी दगड उचलणाऱ्याचा क्रम हाच असतो. माझ्या मते दत्तूच्या झपाट्याने झालेल्या प्रगतीचं उत्तर बरंचसं इथे आहे. प्रशिक्षकाला त्याचं शरीर नव्याने घडवावं लागलं नाही. तोल, लय आणि श्वास तेवढे शिकवावे लागले. दोन हजार मीटरच्या शर्यतीत मिनिटाला तीस-पस्तीस याप्रमाणे सव्वादोनशेच्या आसपास वल्ही मारावी लागतात. पहिल्या मिनिटातच पाय पेटतात आणि पुढची पाच-सहा मिनिटं ते तसेच पेटलेले ठेवून ओढायचं असतं. शिवाय नौकानयनपटूची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. किती उरलंय ते दिसत नाही, किती मागे पडलं तेवढंच दिसतं.

2014 पर्यंत तो राष्ट्रीय सुवर्णपदकांवर नाव कोरत होता. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत उतरला, पण पदक मिळालं नाही. 2015 मध्ये बीजिंगला झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने सिंगल स्कल्सचं रौप्य जिंकलं. वल्हं हातात धरून तेव्हा त्याला तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच्याशी झुंजणारे चिनी, जपानी, कोरियन खेळाडू शाळेपासून नौकेत बसलेले.

मग 2016 उजाडलं. तो उन्हाळा महाराष्ट्र विसरणार नाही. लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसलेला. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. नाशिकला, जिथे काही महिन्यांपूर्वी सिंहस्थाच्या पर्वणीला लाखो लोकांनी स्नान केलं होतं, तिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरने पाणी सोडावं लागलं. चांदवड, येवला, नांदगावच्या पट्ट्यात तर टँकर ही नित्याचीच गोष्ट. त्याच एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे आशिया आणि ओशनिया खंडांची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. दत्तूने 7 मिनिटं 7.63 सेकंदांत दुसरा क्रमांक मिळवला आणि रिओचं तिकीट काढलं. त्या स्पर्धेतून ऑलिंपिकला गेलेला भारतीय तो एकटाच, आणि रिओतही भारतीय नौकानयनपटू तो एकटाच होता.

या यशाच्या काळात घरी काय चाललं होतं ते वृत्तपत्रांतून सगळ्यांनी वाचलं आहे. आईला अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला, शुद्ध हरपली. लेक ऑलिंपिकला निघालाय हे तिला समजावून सांगता येत नव्हतं. यावर अधिक लिहिणं मला योग्य वाटत नाही. एवढंच नोंदवावंसं वाटतं की त्याने सराव सोडला नाही आणि सैन्याने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

रिओच्या रॉद्रिगो द फ्रेतास सरोवरावर स्पर्धा 6 ऑगस्टला सुरू झाली. त्या दिवशी वारा इतका होता की सरोवरावर लाटा उठत होत्या आणि सर्बियाची एक नौका उलटली. दुसऱ्या दिवशी तर वाऱ्यामुळे सगळ्या शर्यती रद्द झाल्या. अशा पाण्यात दत्तू आपल्या गटात तिसरा आला, वेळ 7 मिनिटं 21.67 सेकंद. पहिले तिघे उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते, म्हणजे तो गेला. उपांत्यपूर्व फेरीत त्याने 6 मिनिटं 59.89 सेकंद घेतले आणि चौथा आला. पदकाच्या वाटेवर पुढे जायला इथेही पहिल्या तिघांत यावं लागत होतं. एका जागेने दार बंद झालं.

ऑलिंपिकमध्ये पदकाची वाट बंद झाल्यावरही शर्यती संपत नाहीत. उरलेल्यांना क्रमांकासाठी लढावं लागतं, आणि त्या शर्यती बघायला फारसं कुणी नसतं. हरलेला खेळाडू तिथे कसा वल्हवतो यावरून त्याची जात कळते असं मी मानतो. दत्तू तेरा ते अठरा या क्रमांकांसाठीच्या शर्यतीत उतरला आणि ती जिंकला. वेळ होती 6 मिनिटं 54.96 सेकंद, त्या संपूर्ण स्पर्धेतली त्याची सर्वोत्तम. बत्तीस खेळाडूंत तो तेरावा आला. सुवर्णपदकाच्या शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन दोघेही 6 मिनिटं 41.34 सेकंद अशा एकाच वेळेत आले आणि छायाचित्र पाहून ड्रायस्डेलला विजयी ठरवावं लागलं. ड्रायस्डेल तेव्हा सदतीस वर्षांचा, पाच जागतिक सुवर्णं आणि लंडनचं ऑलिंपिक सुवर्ण गाठीशी असलेला. वारा आणि पाणी शर्यतीगणिक बदलतं, त्यामुळे दोन शर्यतींच्या वेळांची थेट तुलना करू नये हे मला मान्य आहे. तरीही सांगतो, दत्तूच्या आणि ड्रायस्डेलच्या वेळेत साडेतेरा सेकंदांच्या आसपास अंतर होतं. चार वर्षांपूर्वी वल्हंसुद्धा न पाहिलेल्या माणसाचं हे अंतर आहे.

रिओला नाशिक जिल्ह्याने दोन खेळाडू पाठवले. दुसरी कविता राऊत, सावरपाड्याची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी कविता रिओत मॅरेथॉन धावली. जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कविता पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातली, जिथे पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात. ती कोरड्या सडकेवर धावली. दत्तू पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातला आणि त्याने नाव काढलं ते पाण्यावर. कविताला नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखा गुरू लाभला. दत्तूला मात्र जिल्हा सोडून पुण्याला जावं लागलं. गोदावरीच्या पात्रात गंगापूर रोडच्या अंगाला आज मुलंमुली नौका चालवताना दिसतात, धरणांचा तर आपल्या जिल्ह्याला तोटा नाही. पण चांदवडच्या मुलाला तेव्हा ते पाणी सैन्यातच सापडलं.

दोन वर्षांनी इंडोनेशियात आशियाई स्पर्धा भरल्या. नौकानयन पालेम्बांगच्या जकाबारिंग इथल्या पाण्यावर होतं. दत्तूवर दोन जबाबदाऱ्या होत्या, एकट्याची सिंगल स्कल्स आणि चौघांची क्वाड्रपल स्कल्स. दिवस वाईट निघाले. आजारी शरीराने तो सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि शेवटचा आला. भारताच्या इतर नौकांनाही त्या दिवशी काही हाती लागलं नाही. छावणीत सन्नाटा होता.

दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्ट 2018 ला, क्वाड्रपल स्कल्सची अंतिम शर्यत होती. नौकेत चार फौजी होते. सवर्ण सिंग पंजाबच्या मानसा जिल्ह्याचा, लंडन ऑलिंपिकला जाऊन आलेला. सुखमीत सिंगही मानसाचाच. ओमप्रकाश राजस्थानचा. आणि चौथा आपला दत्तू. चौघांच्या नौकेत एकेकट्याची ताकद दुय्यम ठरते. चार पाठी एकाच क्षणी उघडल्या पाहिजेत आणि आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत. एकाचं वल्हं अर्धा क्षण मागे राहिलं तर नौकेचा वेग तिथेच मरतो. आदल्या दिवशी ज्याचं शरीर कोसळलं होतं, त्याने दुसऱ्या दिवशी तिघांच्या लयीत लय मिसळायची होती. चौघांनी 6 मिनिटं 17.13 सेकंदांत शर्यत जिंकली. यजमान इंडोनेशिया तीन सेकंदांहून अधिक मागे राहिला. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात नौकानयनातलं भारताचं हे दुसरंच सुवर्ण. बजरंगलालचं पहिलं, या चौघांचं दुसरं.

चांदवड तालुक्यात त्या दिवशी काय आनंद झाला असेल! दुष्काळाच्या बातम्यांत नेहमी येणारं तालुक्याचं नाव आता पाण्यावरच्या सुवर्णासाठी छापून येत होतं.

या सुवर्णानंतर सात महिन्यांच्या आत, मार्च 2019 मध्ये, भारतीय रोइंग महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. बंदीचं कारण होतं तीच सिंगल स्कल्सची शर्यत. दत्तूने मध्येच वल्हवणं थांबवलं, ही शिस्तभंगाची कृती आहे, असं महासंघाचं म्हणणं. आपला तोल गेला, आपण पाण्यात पडलो, असं दत्तूचं म्हणणं. महासंघाला शिस्त राखण्याचा अधिकार आहे, देशाच्या नावाने उतरलेल्या खेळाडूने शर्यत अर्ध्यावर सोडू नये हेही बरोबर. पण आजारी शरीराने चौदा किलोच्या नौकेत बसलेल्या माणसाचा तोल जाणं अशक्य नाही, आणि त्याच शरीराने चोवीस तासांच्या आत देशाला सुवर्ण मिळवून देणाऱ्या माणसावर कामचुकारपणाचा ठपका ठेवताना हात थोडा आखडता घ्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. खेळाडूची वर्षं मोजकी असतात. अट्ठाविसाव्या वर्षी दोन वर्षांची बंदी म्हणजे एका ऑलिंपिकची तयारीच कापली जाते.

जानेवारी 2020 मध्ये महासंघाने बंदी मागे घेतली. दत्तूने विनंती केली होती, ती मान्य झाली. टोकियो ऑलिंपिक त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात व्हायचं होतं. तोवर करोना आला. सराव थांबले, स्पर्धा रद्द झाल्या, ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं. पण नौकानयनात बंदीने गेलेला काळ पुढे ढकललेल्या तारखांनी भरून निघत नाही. पाण्यापासून दूर गेलेले महिने पायांतून आणि फुप्फुसांतून गेलेले असतात, आणि मागून येणारी तरुण पोरं थांबत नाहीत. टोकियोत भारताकडून नौकेत बसले ते अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग. हलक्या वजनाच्या दुहेरी स्कल्समध्ये ते अकरावे आले, आणि ऑलिंपिकच्या नौकानयनातली भारताची ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्याआधीची सर्वोत्तम दत्तूची होती. 2023 च्या हांगझू आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कल्समध्ये भारताने पुन्हा पदक मिळवलं, कांस्य. पालेम्बांगच्या चौघांपैकी त्या नौकेत सुखमीत होता.

29 ऑगस्ट 2020, राष्ट्रीय क्रीडा दिन. करोनामुळे त्या वर्षी पुरस्कार सोहळा पहिल्यांदाच दूरस्थ पद्धतीने झाला. राष्ट्रपती दिल्लीत, खेळाडू आपापल्या शहरांत पडद्यासमोर. अर्जुन पुरस्काराच्या सत्तावीस जणांच्या यादीत नाव होतं, सुभेदार दत्तू बबन भोकनळ, रोइंग. वीस महिन्यांच्या आत एकाच माणसाला बंदीही मिळाली आणि अर्जुनही. देशाने त्याच्या कामगिरीची शेवटी जी किंमत केली, ती हीच.

दत्तूची गोष्ट मी द्वारकेपासून सुरू केली, कारण या चौकातून पुणे रोडला वळणारी पोरं आजही थांबलेली नाहीत. त्यांच्यातले बहुतेक सैन्यात, पोलिसात, कंपनीत लागतील आणि घर चालवतील, तेही मोठं काम आहे. पण ती पोरं घरून कोणती शरीरं घेऊन येतात ते जिल्ह्याने एकदा नीट पाहावं. कांद्याची पोती उचलून कमावलेली पाठ त्यांच्याकडे आहे, डोंगर चढून कमावलेले पाय आहेत, विहिरीत उतरून कमावलेला दम आहे. नाशिकच्या धरणांवर, गोदावरीच्या पात्रावर नौकानयनाची सोय वाढवणं हे महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि क्रीडा खात्याच्या आवाक्यातलं काम आहे. पुढच्या दत्तूला वल्हं हातात यायला एकविसावं वर्ष उजाडायला नको. चौदाव्या वर्षी यावं, आणि ते चांदवडहून एका एसटीच्या अंतरावर यावं.

पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला भारताचा बलराज पंवार उतरला. तो तेविसावा आला. त्याआधी 2012 मध्ये सवर्ण सिंग सोळावा आणि 2008 मध्ये बजरंगलाल एकविसावा आला होता. ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये कुणाही भारतीयाने मिळवलेला सर्वांत वरचा क्रमांक अजूनही तेरावाच आहे, आणि तो तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचा आहे.